सदतीस अंशांवर अडून बसणारं मेण

नवजात बाळाला ऊब हवी, त्यासाठी आईची कूस असतेच. पण बाळ वेळेआधी जन्मलं आणि वजन दीड-दोन किलोच भरलं, तर? अंगावर चरबी नावाला, कुडकुडून ऊब तयार करण्याचीही ताकद नाही. आपल्याला सुखद वाटणाऱ्या खोलीतही ते गारठतं. म्हणून रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत, इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. या पेटीची किंमत २०,००० डॉलरपर्यंत जाते!

२००७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळालं: ही पेटी एक टक्क्याहून कमी खर्चात करून दाखवा. जेन चेन व्यवस्थापन शिकत होती, राहुल पणिकर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, लायनस लियांग संगणकशास्त्र. नागानंद मूर्तीही सोबत होता. गटात डॉक्टर एकही नाही. आणि या अभ्यासक्रमात कागदावरचं उत्तर पुरत नसे. वस्तू हातांनी घडवायची आणि ती वापरणाऱ्यांना जाऊन भेटायचं.

लियांग नेपाळला गेला आणि तिथे प्रश्नच उलटा झाला. काठमांडूच्या रुग्णालयात इन्क्युबेटर होते, पण रिकामे! ज्या बाळांना ते हवे होते ती दूरच्या खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. मग पेटी स्वस्त करून काय उपयोग? गावात, विजेच्या भरवशावर न राहता, आईच्या हातात चालेल असं काही हवं होतं. वर्गात बसून हे कुणाला सुचलं असतं?

आता खरी गंमत. विजेशिवाय तापमान तासन्‌तास एकाच आकड्यावर धरून कसं ठेवायचं? यासाठी निसर्गाकडे एक अजब सोय आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं ना, तेव्हा ते गुपचूप उष्णता बाहेर टाकत असतं. गोठणं पूर्ण होईपर्यंत त्याचं तापमान फारसं खाली उतरत नाही. ही दडलेली उष्णता किती असते? एक किलो बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येतं!

या विद्यार्थ्यांनी असाच मेणासारखा पदार्थ घेतला, पण वितळण्याचा बिंदू ३७ अंश सेल्सिअसचा. म्हणजे थेट आपल्या शरीराचं तापमान! त्याची पिशवी तापवून मेण वितळवायचं आणि ती बाळाच्या छोट्याशा स्लीपिंग बॅगमध्ये पाठीमागे सरकवायची. मेण सावकाश गोठत राहतं आणि चार ते सहा तास बाळाला ऊब पुरवतं. ना वायर, ना थर्मोस्टॅट! तापमान सांभाळण्याचं सगळं काम पदार्थाचा स्वभावच करतो. बॅगेच्या आत शिवण नाही, त्यामुळे पुसून स्वच्छ करणंही सोपं.

अभ्यासक्रम संपला, गुण मिळाले. बहुतेक प्रकल्प इथेच कपाटात जातात. पण ज्याने ते रिकामे इन्क्युबेटर पाहिले, त्याला ते कपाट बंद करवेल का? उद्योजकतेवरच्या कितीही व्याख्यानांनी जी ओढ लागत नाही, ती अशी लागते, असं मला मनापासून वाटतं. २००८ मध्ये ‘एम्ब्रेस’ ही संस्था उभी राहिली, गट बंगळूरला येऊन राहिला आणि २०११ मध्ये उत्पादन भारतात दाखल झालं.

मधल्या काळात शिकणं थांबलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावात पणिकर बायांना नमुना दाखवत होता. पिशवी ३७ अंशांपर्यंत तापवायची, हे दाखवायला वर आकडे होते. एका आईने सांगितलं की डॉक्टरी औषध फार कडक असतं, म्हणून चमचाभर सांगितलं तर ती अर्धाच देते. मग ३७ सांगितलं तर? ती ३० वरच थांबणार, बाळाच्या काळजीपोटी!

मेणाचं शास्त्र अचूक, हिशेब बिनचूक, आणि तरी बाळ गारठलं असतं. गटाने आकडेच काढून टाकले. त्या जागी दोनच खुणा आल्या: पिशवी तयार आहे, किंवा नाही.