हेक्टर, गुंठा आणि आपली मुलं

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धनच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. दहा गुंठ्यांना त्या हिशेबाने पाच हजारांच्या आसपासच मिळतात. नवी सुपारी लावली तर फळायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून बागायतदारांनी झाडामागे मदत मागितली.

मदत हेक्टरमागे की झाडामागे, हे कोण आणि कसं ठरवतं? कायदेमंडळ आणि सार्वजनिक धोरण या विषयात हेच शिकवतात.

पदवी झाली की आपल्या घरांत दोनच वाटांची चर्चा होते, बीएड नाहीतर आखात. तिसरी वाटही आहे. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करता येतं. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दिल्लीच्या पीआरएस संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एका खासदाराबरोबर काम करायला देते. संसदेतले प्रश्न तयार करायचे, विधेयकांचा अभ्यास करायचा, आणि विद्यावेतनही मिळतं. वयाची अट मात्र पंचवीस वर्षांची.

श्रीवर्धननेच बॅरिस्टर अंतुल्यांना विधानसभेत पाठवलं आणि १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. आमदार सगळ्यांना होता येणार नाही. पण आमदाराच्या हातातला कागद तयार करणारी मुलगी आपल्या घरातली असू शकते. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी आजच मशवरा करा.