बुकिंग नाही, तंबू आहे: डिसेंबरात नागपूरहून कोकण

आजचा भाग थंडीचा आणि तंबूचा.

डिसेंबर लागला की ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, "चला बे, कुठंतरी गरम जागी जाऊ." पण बुकिंग कोणीच करत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझी सुट्टी मंजूर झाली की नाही हे दोन दिवस आधी कळतं. मग तंबू पाठीवर टाकून, मुक्काम न ठरवता कोकणात जाता येतं का? येतं. फक्त बुकिंगच्या जागी थोडा हिशोब करावा लागतो.

कोकणच का?

नागपूर देशाच्या मध्यात. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडते. डिसेंबर २०१८ मध्ये आपला पारा ३.५ अंशांवर आला होता, आठवतं ना? समुद्राचं उलट आहे. तो हळू तापतो अन् हळूच निवतो, म्हणजे एक मोठी पॉवर बँकच समजा. त्यात दमट हवा रात्रीची उष्णता धरून ठेवते. म्हणून किनाऱ्यावर एका पातळ चादरीत रात्र निघते.

गाडीचं मात्र बुकिंग करा

नागपूर-मडगाव गाडी चिपळूण, रत्नागिरी, कुडाळला थांबते. गुहागरला जायचं तर चिपळूण, मालवण-तारकर्लीला कुडाळ. प्रवास जवळपास एक दिवसाचा, त्यामुळं जनरल डब्याची हिंमत करू नका. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर आदल्या दिवशी तत्काळ: एसीसाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला. स्टेशनपासून पुढं एसटी आहेच. आणि नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. जानेवारीतला मंगळवार-बुधवार पकडला तर तेच गाव निवांत भेटतं.

आता खरा मुद्दा: भरती

इथं चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीन. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचा. तिथी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतेच.

आता पौर्णिमा घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तुम्ही सूर्यास्ताला पोचता तेव्हा असते ओहोटी. वाळू लांबच लांब, वर चांदणं, तंबू पाण्याजवळ ठोकायचा मोह होणारच. रात्री सव्वाअकराला पाणी सगळ्यात वर, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यानं नेहमीपेक्षाही वर. आपण तेव्हा झोपेत! हा हिशोब ढोबळ आहे, जागेनुसार वेळ मागेपुढे होते. तेव्हा तासाभराची मोकळीक ठेवा आणि गावातल्या मच्छीमाराला एकदा विचारा. वाळूवर सुकलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची ओळ दिसते, ती आधीच्या भरतीची खूण. उधाणात त्या खुणेवरही विसंबू नका.

मग तंबू कुठं लावायचा?

वाळूवर नाहीच. किनाऱ्याजवळच्या घरगुती खानावळीत जेवायला बसा आणि सरळ विचारा, "काकू, अंगणात तंबू लावला तर चालेल का? काय द्यायचे सांगा." रात्रीचं जेवण, सकाळचे घावणे तिथंच घ्या. संडास-बाथरूमची सोय होते, फोन चार्ज होतो आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. उजेड असतानाच विचारायला लागा. दोन ठिकाणी नाही म्हणाले तर तिसऱ्या घराला अजून वेळ उरतो. फक्त माडाखाली तंबू नको, वरून नारळ पडतो. आणि सुरूच्या बनात शेकोटी नको. खाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो, ठिणगी पुरते.

वेळास, आंजर्ल्याकडे जाणार असाल तर अजून एक. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या तिथं रात्री अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. टॉर्च, शेकोटी, गोंगाट असला की मादी आल्या पावली परत फिरते. पिल्लं उजेडाकडे जातात, त्यामुळं आपल्या दिव्यांनी ती समुद्राची वाट चुकतात. रात्री त्या वाळूवर जायचंच नाही.

आणि गोव्यापर्यंत जाणार असाल तर स्टोव्ह बॅगेतच राहू द्या. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्यायली तर दंड होतो. २०१९ च्या कायदा-बदलात तो एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये ठरला होता.

तर निघण्याआधी तीन गोष्टी तपासा: तारीख, तिथी, आणि अंधार पडायच्या किती आधी पोचताय. तिन्ही जमत असतील तर बुकिंगवाचून काही अडत नाही. जमत नसतील तर खोली घ्या, तंबू पुढच्या वेळी.

भेटू पुढच्या भागात. तोवर शेकोटी नागपुरातच पेटवा!