सेल्फ मारताना येणारा आवाज

जुन्या मारुती ८०० वा ओम्नीवर धंदा करणाऱ्यांचा दिवस सकाळच्या पहिल्या सेल्फवर अवलंबून असतो. विचित्र आवाज आला की बरेच जण थेट नवा सेल्फ बसवून मोकळे होतात. त्याआधी आवाज नीट ऐकावा.

हेडलाइट लावून चावी फिरवा. भराभर ‘टक टक टक’ होऊन दिवा मंद झाला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर क्षार साचला आहे. टर्मिनल काढून (निगेटिव्ह आधी) घासून घट्ट आवळावे. खर्च काहीच नाही. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. एकच ‘टक’ होऊन दिवा तेज राहिला, तर दोष बहुधा सॉलेनॉइडचा किंवा सेल्फमधील कार्बनचा. सेल्फ नुसताच गरगरत असेल, तर बेंडिक्स पाहावे. दात घासल्यासारखी खरखर मात्र अंगावर काढू नये. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि सामानापेक्षा मजुरीच जड जाते.

सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद वरून टकटक येते, कारण रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. खालून जड ठोके येत असतील आणि ऑइलचा दिवा विझत नसेल, तर इंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढूनच न्यावी.

जुनी गाडी घेताना बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.