मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि पन्नाशीनंतरची स्त्री

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू माणसांचा विकार, ही समजूत यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातही आता मागे पडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रातील ८.४ टक्के प्रौढ मधुमेही आढळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. त्याच पाहणीत शंभरांपैकी सुमारे ८१ प्रौढांच्या रक्तातील मेदात काही ना काही बिघाड दिसून आला. साखरेची चर्चा आज गावोगाव होते. मेदाची मात्र क्वचितच. वास्तविक मधुमेहींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे.

कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. शरीरातील पेशींना आणि संप्रेरकांना ते लागतेच, व त्याचा बराचसा भाग आपले यकृतच तयार करते. एल.डी.एल. हे कण ते रक्तवाहिन्यांकडे नेतात आणि प्रमाण वाढल्यास तेथे साचवितात, एच.डी.एल. हे कण ते यकृताकडे परत आणतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले रक्तात उतरतात, यकृत अधिक ट्रायग्लिसराइड बनविते, एच.डी.एल. घटते आणि एल.डी.एल.चे कण लहान व घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज शिरतात. अहवालावर एल.डी.एल.चा आकडा बेताचा असूनही धोका उरतो, तो यामुळे.

आता एक उदाहरण घेऊ. कळंब तालुक्यातील एका घरात बेचाळीस वर्षांचा मुलगा आणि अठ्ठावन्न वर्षांची आई, दोघेही मधुमेही आहेत, असे समजू. दोघांच्याही अहवालात एच.डी.एल. ४४ मिलिग्रॅम आले. मुलाच्या बाबतीत हा आकडा चालण्यासारखा आहे. कारण पुरुषांसाठी किमान मर्यादा ४० मानतात. स्त्रियांसाठी ती ५० आहे. म्हणजे तोच आकडा आईच्या बाबतीत उणा ठरतो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा विद्यार्थी. त्यालाही हा भेद एका डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून दाखविल्यावरच उमगला.

या भेदाचे मूळ वयात आहे. पाळी सुरू असेतो स्त्री-संप्रेरकांमुळे एच.डी.एल. चांगले व एल.डी.एल. आटोक्यात राहते. त्या वयोगटात पुरुषांचेच आकडे, विशेषतः ट्रायग्लिसराइडचे, सामान्यतः अधिक असतात. पाळी गेल्यावर चित्र पालटते. स्त्रीचे एल.डी.एल. वाढू लागते, पुरुषाचे मात्र पन्नाशीच्या आसपास स्थिरावते. मधुमेह जडला की स्त्रीचे हे निसर्गदत्त संरक्षण आणखी दुबळे होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासाचे वीस वर्षांच्या निरीक्षणांवरील निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहामुळे हृदयविकाराच्या धोक्यात होणारी वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांत तुलनेने अधिक आहे, असे त्यांत दिसून आले होते.

आपल्याकडे मात्र जी बाई वर्षानुवर्षे कापूस वेचत आली, तिला कसला आला हृदयविकार, असेच घरचे लोक म्हणतात. वेचणीला जाणे थांबते आणि पोटाचा घेर वाढू लागतो, तोही नेमका याच वयात. स्त्रियांच्या हृदयविकारात छातीतील कळीबरोबर धाप, मळमळ, अतिशय थकवा अशी लक्षणे अधिक आढळतात. ती पित्ताच्या नावावर खपविली जातात व वेळ निघून जातो.

गावपातळीवर तिशीपुढील व्यक्तींची जी तपासणी होते, तीत रक्तदाब व रक्तशर्करा पाहतात, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाचपणी करतात. कोलेस्टेरॉलची तपासणी तीत समाविष्ट नाही. आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात कमरेच्या घेराची नोंद असते. स्त्रीचा घेर ८० व पुरुषाचा ९० सेंटीमीटरहून अधिक असल्यास त्यास गुण दिले जातात. तेव्हा साखर वाढलेली आढळली की मेदाची तपासणी डॉक्टरांना विचारून मुद्दाम करवून घ्यावी लागते. पंचायत सदस्यांनी शिबिराच्या दिवशी एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल.

तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या शब्दाला भुलण्याचे कारण नाही; कोणत्याही वनस्पती तेलात ते नगण्यच असते. प्रश्न तेल किती वापरले आणि तेच तेल पुनःपुन्हा तळणीला घेतले का, हा आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी हा आपला जुना आहार या बाबतीत बराच निर्दोष होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चाळिशीपुढील बहुतेक मधुमेहींना डॉक्टर स्टॅटिन गटातील गोळी देतात. गरोदरपणात ती सामान्यतः देत नाहीत. साखर ताब्यात आल्यावर ट्रायग्लिसराइड उतरते, एल.डी.एल. तितकेसे उतरत नाही. म्हणून साखरेचा अहवाल चांगला आला तरी ही गोळी आपल्या मनाने बंद करावयाची नसते.