मनावरचा घाव कसा भरतो?

22 जानेवारी 2025. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, परधाडे स्थानकापाशी थांबली. डब्याला आग लागल्याची अफवा पसरली होती. घाबरलेले अनेक प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. किमान 12 जणांचा मृत्यू झाला. त्याआधी, 31 ऑगस्ट 2019 रोजी, धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन अनेकांचा बळी गेला होता.

अशा वेळी मृतांची आणि जखमींची मोजदाद होते. पण ज्यांना खरचटलेसुद्धा नाही, त्यांचे काय? वाचलेले प्रवासी, मदतीला धावलेले गावकरी, दुरून पाहणारी मुले यांच्या मनावरचा आघात कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. तो उपचाराने कसा भरतो, हे आपण पाहू.

धोका संपतो, भीती राहते

समजा, रुळांजवळच्या गावातील सातवीच्या एका मुलाने असा अपघात पाहिला. (मुलगा काल्पनिक आहे, लक्षणे खरी आहेत.) तीन महिने झाले तरी गाडीची शिट्टी ऐकली की त्याची छाती धडधडते, हात गार पडतात. रात्री तेच दृश्य स्वप्नात येते. रुळांकडची वाट टाळून तो लांबच्या वाटेने शाळेत येतो. कधी येतच नाही. वर्गात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, "पोरगा बिघडला."

असे का होते? आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोक्याची सूचना मिळताच तो शरीराला सज्ज करतो. जवळच्याच हिप्पोकँपसमुळे आठवणीला 'कुठे' आणि 'केव्हा' यांची चौकट मिळते. अतितीव्र भीतीत ही चौकट नीट बसत नाही, असे मानले जाते. म्हणून ती आठवण 'तेव्हा घडले' अशी न येता 'आत्ता घडते आहे' अशी येते. ही अवस्था महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर तिला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये तिला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले.

पावलोव्हचा कुत्रा काय सांगतो?

पावलोव्हचा प्रयोग आपण वर्गात शिकवतो. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळत गेले की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पुढचा भाग मात्र बहुधा राहून जातो. आवाज झाला पण अन्न आले नाही, असे वारंवार घडले की लाळ थांबते. मध्ये विश्रांती दिली, तर ती थोडी परतही येते. म्हणजे जुना धडा पुसला गेलेला नसतो. त्याच्यावर नवा धडा बसलेला असतो.

आपल्या मुलाला हा नवा धडा मिळतच नाही. वाट टाळली की त्याला लगेच बरे वाटते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. 'शिट्टी वाजली आणि काहीच झाले नाही' हा अनुभव त्याच्या वाट्याला येत नाही.

उपचारात नेमके काय होते?

प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ प्रथम विश्वास निर्माण करतात आणि शरीर शांत करण्याच्या युक्त्या शिकवतात. मग मूल आपल्याला पेलेल तेवढीच हकीकत सांगते, लिहिते किंवा चित्रातून काढते. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ती अहिराणीत सांगणे सोपे जाते. पुन्हा पुन्हा सांगताना विखुरलेल्या तुकड्यांना आरंभ आणि शेवट मिळतो. पुढे, दुरून गाडी पाहणे, मग मोठ्या माणसासोबत फाटकापर्यंत जाणे, अशा पायऱ्या येतात. प्रत्येक पायरीवर भीती वाढते, पण थांबून राहिल्यास ओसरते. हेच ते नवे शिकणे.

दुसरे काम अपराधी भावनेचे. "मी ओरडलो असतो तर ते वाचले असते" असे मुलाला वाटत असते. नुसते "तसे काही नाही" म्हणून ते जात नाही. त्या क्षणी त्याला काय दिसत होते, काय करणे शक्य होते, हे त्याच्यासोबत तपासावे लागते. असे उपचार बहुधा आठवड्याला एक बैठक याप्रमाणे काही महिने चालतात. आठवण राहते, पण तिची पकड सुटते.

शिक्षकाने काय करावे?

आघात झालेले बहुतेक लोक घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने हळूहळू सावरतात; प्रत्येकाला उपचार लागत नाहीत. घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून "काय पाहिले ते सांगा" असा आग्रह धरू नये. त्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. शाळेचा नेहमीचा क्रम चालू ठेवावा. मूल आपणहून बोलले तर ऐकून घ्यावे.

महिना उलटूनही लक्षणे टिकली, किंवा मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर मात्र थांबू नये. मरणाच्या भाषेच्या बाबतीत महिन्याचीही वाट पाहू नये. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पालकांना "वेड लागले का?" अशी धास्ती असते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात तसेच हे, एवढे त्यांना समजावणे शिक्षकाला सहज जमते. त्यासाठी आधी उशिरा येणाऱ्या मुलाला आपण विचारायला हवे: "बाळा, हल्ली कोणत्या वाटेने येतोस?"