वाडीचें गणित, संगणक आणि परवाना



बोळिंज-आगाशीकडील बागाईतदारास एक प्रश्न दर वर्षीं सोडवावा लागतो. असलेली जमीन व असलेले हात यांचा उपयोग कसा केला असतां अधिकांत अधिक प्राप्ति होईल? उदाहरणापुरते आंकडे घेऊं. एकाजवळ १० गुंठे जमीन आहे व महिन्याकाठीं ३५ दिवसांची मजुरी त्यास परवडते. केळीच्या एका गुंठ्यास २ दिवसांचें काम लागतें व प्राप्ति ३०० रुपये होते. मोगऱ्याच्या गुंठ्यास ५ दिवस लागतात व प्राप्ति ५०० रुपये होते. सर्व केळ लावल्यास ३,००० रुपये मिळतील. सर्व मोगरा म्हटल्यास मजुरी ७ गुंठ्यांतच संपेल व ३,५०० रुपये मिळतील. परंतु ५ गुंठे केळ व ५ गुंठे मोगरा लावल्यास ४,००० रुपये हातीं येतील. असें सर्वोत्तम उत्तर शोधण्याच्या शास्त्रास इष्टतमीकरण म्हणतात. किती गुंठे काय लावावें हीं त्यांतील चलें, आणि जमीन व मजुरी हीं त्यांतील बंधनें होत.

दोन चलांचें गणित आलेखाच्या कागदावर सुटतें. विमानांचें वेळापत्रक किंवा कारखान्याचा माल गांवोगांवीं पोंचविण्याचें गणित यांत चलें हजारोंनीं असतात. तेथें संगणकावांचून गति नाहीं. याकरितां पायथन ह्या संगणकीय भाषेंत अनेक तयार पॅकेजें मिळतात. त्यांपैकीं गुरोबी हें एक प्रसिद्ध आहे. २००८ सालीं स्थापन झालेल्या त्या कंपनीचें नांव गू, रॉथबर्ग व बिक्स्बी ह्या तीन संस्थापकांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून पडलें.

तें बसविण्याची रीति सोपी आहे. प्रथम पायथनच्या अधिकृत स्थळावरून पायथन उतरवून घ्यावें. नंतर टर्मिनल उघडून ‘पिप इन्स्टॉल गुरोबीपाय’ ही आज्ञा रोमन अक्षरांत लिहावी. पॅकेज आपोआप येऊन बसतें. प्रत्येक कामासाठीं निराळें आभासी वातावरण करून त्यांत पॅकेज बसविणें अधिक चांगलें. म्हणजे एका कामाच्या आवृत्त्या दुसऱ्याच्या आड येत नाहींत.

येथवर परवान्याचें नांवही निघत नाहीं, कारण पॅकेजाबरोबर एक मर्यादित परवाना आलेला असतो. २,००० चलें व २,००० बंधनें येथपर्यंतचें सरळ गणित त्यावर चालतें. आपल्या वाडीचें गणित दोन चलांचें व दोन बंधनांचें. तेव्हां शिकणारास तो पुष्कळ झाला. मर्यादा ओलांडली म्हणजे मात्र गणित परवान्याच्या मानानें मोठें आहे, अशा अर्थाचा संदेश येतो. पुष्कळ नवशिके तो पाहून पॅकेज बिघडलें असें समजतात व तें पुनः पुनः काढून बसवितात. त्यानें कांहींच साधत नाहीं. पॅकेज बसविणें ही एक गोष्ट, आणि तें वापरण्याचा अधिकार मिळविणें ही दुसरी.

पदवी देणाऱ्या मान्य संस्थांतील विद्यार्थी व अध्यापक यांस गुरोबीचा शैक्षणिक परवाना विनामूल्य मिळतो. त्याची लहानशी फाइल संगणकावर उतरवून ठेवावी लागते व मुदत संपतां नवा परवाना घ्यावा लागतो. तो केवळ अध्ययन व संशोधन यांकरितां असतो. म्हणून मुलाच्या कॉलेजच्या परवान्यावर वडिलांच्या व्यापाराचें गणित सोडविणें योग्य नव्हे. धंद्यासाठीं विकतचा परवाना घ्यावा लागतो.

पालक विचारतील, ‘गणित तर सर्वांचें, मग त्यावर परवाना कसला?’ हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ग्वाल्हेरास जन्मलेले व मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९७८ सालीं पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनीं १९८४ सालीं अशीं गणितें सोडविण्याची एक नवी व वेगवान रीति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतांना प्रसिद्ध केली. तिचें पेटंट १९८८ सालीं ए. टी. अँड टी. कंपनीस मिळालें, आणि त्या रीतीवर चालणारी कोर्बएक्स नांवाची संपूर्ण यंत्रणा कंपनीनें ८९ लाख डॉलर किंमतीस विक्रीस ठेविली. गणितावर कोणाची मालकी असावी काय, असा मोठा वाद तेव्हां माजला. २००६ सालीं त्या पेटंटची मुदत संपली.

आपल्या देशांत १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें गणिती रीतीस पेटंट मिळत नाहीं. परंतु त्या रीतीवरून कोणीं परिश्रमानें लिहिलेला प्रोग्राम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें पुस्तकाप्रमाणेंच साहित्यकृति गणला जातो, आणि त्याची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणें हा गुन्हा आहे. म्हणजे रीति सर्वांची, पण लिहिलेला प्रोग्राम लिहिणाराचा. बाजारांत कोणी ‘कुलूप तोडलेली’ प्रत स्वस्तांत देऊं लागल्यास ती घेऊं नये. तिच्याबरोबर संगणकास घातक असें कांहीं येण्याचें भयही असतें.

शिवाय तिची गरजही नाहीं. एडिंबरो विद्यापीठांत तयार झालेलें हाय्ज हें पॅकेज खुल्या परवान्याचें आहे. त्याच्या कर्त्यांनीं तें वापरण्याची, पाहण्याची व बदलण्याची मोकळीक सर्वांस दिली आहे. करमरकरांच्या शोधानंतर जो आंतरबिंदु-रीतींचा वर्ग वाढीस लागला, त्याच वर्गांतील एक रीति त्यांतही आहे. ‘पिप इन्स्टॉल हायस्पाय’ ह्या आज्ञेनें तें बसतें. त्यास चलांची मर्यादा नाहीं, मुदत नाहीं, आणि धंद्यासाठीं वापरण्यासही हरकत नाहीं. अतिशय मोठ्या व कठीण गणितांत विकतचीं पॅकेजें बहुधा अधिक वेगवान ठरतात, एवढेंच.

तरी विद्यार्थ्यांनीं सुटींत हें पॅकेज बसवून वरील वाडीचें गणित त्यास घालावें. उत्तर ५ आणि ५ असेंच आलें पाहिजे. मग मोगऱ्याची प्राप्ति गुंठ्यास ६०० रुपये धरावी. पिकांची वांटणी तीच राहील. ती ८०० धरतांच मात्र केळ अजीबात नाहींशी होऊन ७ गुंठे मोगराच उरेल. असें कां व्हावें, याचें कारण आलेखाच्या कागदावर ज्यास त्यास शोधतां येईल.