सकळ लिपी: कुलूप नेमके कोणासाठी?

प्रवरेच्या काठावर बेलापूर आहे आणि त्याच नदीने खाली गेले की नेवासे लागते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि पुढे ती घरोघर पोचली. त्याआधी दहा-पंधरा वर्षे बेलापुरात श्रीचक्रधरस्वामींवर राजसत्तेचा घाला पडला. देवगिरीच्या दरबारातला हेमाद्री पंडित त्यांच्यावर रुष्ट होता. काही पोथ्यांत बेलापूरला शिरच्छेद झाल्याचा उल्लेख आहे. स्वामी उत्तरापंथे निघून गेले, ही पंथाची श्रद्धा. अनुयायी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या आश्रयाला गेले आणि तिथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. हे म्हाइंभट आपल्याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ पुढे सांकेतिक लिपीत गेला आणि विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेर कोणाला वाचता आला नाही.

त्या लिपीचे नाव सकळ. चौदाव्या शतकातल्या रवळोबासांकडे तिचे कर्तृत्व दिले जाते. सुंदरी, अंक, शून्य अशा आणखीही लिप्या होत्या. सकळ लिपीचे मूळ तत्त्व अक्षरांच्या अदलाबदलीचे. समजा, ‘क’च्या जागी ‘प’ आणि ‘प’च्या जागी ‘क’ लिहायचे ठरले, तर ‘कमळ’ हा शब्द ‘पमळ’ होईल. (हे उदाहरण माझे, केवळ समजुतीपुरते.) अशी अदलाबदल बहुतेक वर्णमालेवर केली की अक्षरे ओळखीची दिसतात, पण अर्थ लागत नाही. कुलूप म्हणून मात्र हे फार पक्के नाही. ‘सर्वज्ञ’ हे स्वामींचे नाव पानोपानी येते. नेहमीचे शब्द आणि प्रत्यय पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा माग काढला की किल्ली हाती लागते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती मिळवली.

हे कुलूप कशासाठी घातले? परकीय आक्रमणापासून ग्रंथ वाचवण्यासाठी, असे उत्तर बहुधा दिले जाते. मला ते पटत नाही. सैन्य पोथी जाळील, वाचत बसणार नाही, आणि लिपी बदलल्याने कागद आगीतून वाचत नाही. उलट खिलजींच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. तो स्मरणाने वाचवला, सांकेतिक लिपीने नव्हे. सांकेतिक लिपी उपयोगी पडते ती ज्याला मूळ भाषा वाचता येते त्याच्याविरुद्ध. तेव्हा हा आडपडदा मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्यापासून होता. वेदप्रामाण्य न मानणाऱ्या, स्त्री-शूद्रांना संन्यास देणाऱ्या पंथाला धोका होता तो गावातल्या पंडिताकडून. अनधिकारी माणसाच्या हाती ब्रह्मविद्या जाऊ नये, हाही हेतू असणार.

गंमत अशी की याच पंथाचे आचार्य नागदेव यांनी केशिराजांना संस्कृतात लिहू दिले नव्हते. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे त्यांचे कारण. ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी धरली, त्यांच्यापैकी जी दीक्षित नव्हती तिला दोन पिढ्यांनंतर तीच मराठी वाचता येईना.

याची किंमत पंथाने मोजली. जे वाचता येत नाही त्याविषयी लोक मनाला येईल ते बोलतात. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आणि ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी हा कोशातला अर्थ, दोन्ही त्या काळोखात वाढले. हा शब्द आपण आजही सहज वापरतो.

आणि कुलपामागे होते तरी काय? गुप्त खजिन्याच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाची निराशाच होईल. स्वामी कुठे उतरले, कोणी काय वाढले, भटोबासांना कशावरून टोकले, कोणती बाई रुसली. तेराव्या शतकातले लोक बोलत होते तशी मराठी. म्हाइंभट एकेका साक्षीदाराकडे जाऊन विचारत राहिले. पुढच्यांनीही पाठभेद सपाट केले नाहीत. कोण काय सांगतो ते नोंदवून ठेवले. ही साक्षेपी वृत्ती मला त्या लिपीहून जास्त थक्क करते. संकेतामुळे एक मात्र लाभ झाला. इतर जुने ग्रंथ हातोहात फिरताना नवे होत गेले, तसे याचे तेवढे झाले नाही.

पंथाची माणसे पंजाबात आणि पुढे काबूलपर्यंत गेली. तिकडे ती जयकृष्णी म्हणून ओळखली जातात, आणि त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा मराठीच राहिली. इकडे नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतले. १९७८ साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. तिच्यातल्या काही लीळांवर पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले आणि वाद कोर्टात गेला. लिपी उलगडली म्हणून ग्रंथ कोणाचा हा प्रश्न सुटला नव्हता. भक्तासाठी ती ईश्वराची लीळा, अभ्यासकासाठी साधन. मी अभ्यासकाच्या बाजूचा आहे, पण ज्यांनी सहा शतके पोथ्या उराशी धरल्या त्यांचे ऐकूनच घेतले पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती स्थानपोथी. स्वामी जिथे जिथे राहिले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला आणि आसन कुठे, एवढे बारकावे तीत आहेत. गोदाकाठचे डोमेग्राम, आजचे श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर, तीत आहे. नेवासेही आहे. देवळे पडली, वस्ती सरकली, तरी भाविक अजून त्या आधाराने ओट्यावर डोके टेकवतात.